येतो म्हणजे जातो

आमच्या मंडळाचा उपयोग काय, असं मला कोणी रस्त्यात विचारलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं. पण विचारणारी होती आमच्या कॉलनीची विकास समिती, आणि ज्या हॉलमध्ये आम्ही दर रविवारी सकाळी जमतो तो हॉल त्या समितीचा. त्यामुळे मी दातओठ खाऊन गप्प बसले.

जयपूरला दुर्गापुऱ्यात आमचं हे छोटंसं मराठी मंडळ आहे. बँकेतले, विम्यातले, केंद्र सरकारच्या कुठल्या कुठल्या खात्यांतले बदलीवर आलेले लोक, दोन-तीन डॉक्टर, थोडे माझ्यासारखे मास्तर. माझे यजमान विमा कंपनीत, मी जगतपुऱ्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. आमच्या मंडळात कोण कुठल्या जिल्ह्याचा ते पोह्यांवरून ओळखावं. पुण्याकडच्यांना वर खोबरं-कोथिंबीर हवी, आम्हा वऱ्हाडातल्यांना तर्री हवी, आणि ज्यांची मुलं इथेच वाढली त्यांना जयपूरची शेव हवी. दर रविवारी यावरून वाद होतो आणि सगळे सगळं खातात. मग कोणी पेटी वाजवतं, कोणी मुलांना मराठी वाचायला बसवतं. मुलं हिंदी शाळेतली, त्यामुळे अक्षरं भराभर वाचतात आणि अर्थ विचारला की "मतलब..." म्हणून आकाशाकडे बघतात. बाकी आम्ही नुसते बोलतो. दोन तास, पोटभर.

आई गेल्यावर मी बाबांना अकोल्याहून इकडे घेऊन आले. आणलं म्हणजे जवळजवळ उचलूनच आणलं. त्यांची सगळी नोकरी कृषी खात्यात गेली, काळ्या मातीत आयुष्य काढलेलं. इथे आल्यावर ते दुर्गापुऱ्याच्या कृषी संशोधन केंद्राच्या कुंपणाशी उभे राहिले, आतल्या शेताकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बाजरी बरी हाये. पण माती काही आपली नाही." झालं, त्या दिवसापासून त्यांना जयपूर आवडेना. पाणी जड, भाजीत मिरची नको तिथे, ज्वारीची भाकर मिळत नाही, शेजारी हसत नाहीत. मी कॉलेजातून घरी आले की यादी तयार असायची. आणि यादीच्या शेवटी ठरलेलं वाक्य, "मले काही करमत नाही बाई इथं. मी जातो आपला अकोल्याले."

आता अकोल्याला काय आहे? बंद घर, वरच्या मजल्याचे जिने, आणि साखर कमी झाली की चक्कर येणारा एकटा माणूस. मी पहिल्यांदा समजावलं, मग रागावले, मग रडले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका रविवारी मला कॉलेजात परीक्षेचं काम होतं, तेव्हा यजमान त्यांना मंडळात सोडून आले, आणि तिथून ते जे परत आले ते चक्क गुणगुणत. पुढच्या रविवारी साडेआठलाच बूट घालून दाराशी. तेव्हापासून आमच्या घरात एक न बोललेला करार झाला. आठवडाभर बाबा कुरकुरणार, पण अकोल्याचं तिकीट काढा असं म्हणणार नाहीत, कारण मध्ये रविवार येतो. मला तेवढं पुरे होतं. त्यांचं चित्त त्या दोन तासांवर टांगलेलं आहे हे मला दिसत होतं, आणि मी त्याला हात लावत नव्हते.

तर असा हा हॉल, आणि त्याच हॉलवर कोणाचा तरी डोळा गेला. इथे लायब्ररी म्हणून एक प्रकार आहे. लायब्ररी म्हटल्यावर तुम्हाला पुस्तकं वाटतील, पण तसं नाही. खुर्ची, टेबल, एसी आणि शांतता, आणि स्पर्धा परीक्षांची पोरं तिथे दिवसभर मान खाली घालून बसतात. तसल्या लायब्ररीवाल्याने समितीला अर्ज दिला की हॉल मला द्या, आठवड्याचे सातही दिवस. शिवाय योगासनांच्या बायकांनाही रविवार हवा होता. मग समितीने ठरवलं की सगळ्यांनी येऊन सांगावं, आपल्या गटाचा कॉलनीला काय फायदा.

आमचे चिटणीस विम्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. माणूस सज्जन, पण त्यांना प्रत्येक गोष्ट सिद्ध करायची असते. मी म्हटलं, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्यांना रविवारी पोहे खायला बोलवा, आपोआप कळेल." ते म्हणाले, "बाई, असं चालत नाही. प्रेझेंटेशन लागतं." मग त्यांनी पंधरा दिवस खपून पडद्यावर दाखवायची चित्रं तयार केली. मला आधी दाखवली. गणपती, हळदीकुंकू, कोजागिरी, दहावीतल्या मुलांचा सत्कार, बदली झालेल्यांचा निरोप समारंभ. आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत कोणीतरी कोणाला तरी शाल आणि नारळ देतंय. देणारा कॅमेऱ्याकडे बघतोय, घेणारा नारळाकडे. मी म्हटलं, "अहो, यात माणसं कुठे आहेत?" ते जरा दुखावले. "ही सगळी माणसंच आहेत," म्हणाले.

घरी बाबांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. पण मंडळात गोष्ट लपते होय? त्यांना कळलंच. मी बाजरीची भाकरी थापत होते, तेव्हा ते ओट्याशी येऊन उभे राहिले. "हॉल गेला तं मंडळ कुठं भरवाल?" मी म्हटलं, "बघू, कोणाच्या तरी घरी." "कोणाच्या घरी मावतात एवढे लोक? आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे, दोन महिन्यांत सगळं बंद." बरोबरच होतं ते. मग ते फार शांतपणे म्हणाले, "मंग माझं इथं काय राह्यलं?" एरवी त्यांची कुरकुर मोठ्याने असते, तिच्याशी मी भांडू शकते. या शांतपणाशी भांडता येईना. भाकरी तव्यावर करपली आणि ती मीच खाल्ली.

बैठक त्याच हॉलमध्ये होती. मी बाबांना येऊ नका म्हटलं होतं, कारण निकाल वाईट लागला तर त्यांच्यासमोर नको. ते आले. मागच्या रांगेत मफलर गुंडाळून बसले. समितीचे अध्यक्ष पुढे, पांढरं जाकीट, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही असा माणूस. मार्बलचा धंदा मुलावर सोपवून आता ते कॉलनी चालवतात. पहिल्यांदा लायब्ररीवाला बोलला. दहा मिनिटांत त्याने पोरांचं, कॉलनीचं आणि देशाचं भविष्य सांगून टाकलं. योगवाल्या बायकांनी एकीला सतरंजीवर निजवून तिचे गुडघे दाखवले, आधी वळत नव्हते आता वळतात म्हणून. मला तर तेव्हाच वाटलं, आपलं काही खरं नाही. आपल्याकडे गुडघेसुद्धा नाहीत.

मग आमची चित्रं सुरू झाली. शाल, नारळ. शाल, नारळ. चिटणीस शुद्ध हिंदीत सांगत होते, "यह हमारा वार्षिक स्नेहसम्मेलन, यह सत्कार समारोह." अध्यक्ष बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भाईसाहब, नारियल तो आपने बहुत बाँटे. पर इससे हुआ क्या?"

हॉलमध्ये हशा पिकला. मी उठले. माझा स्वभाव तुम्हाला आतापर्यंत कळलाच असेल, पारा चढला की मला थांबता येत नाही. मी भाषा, संस्कार, पुढची पिढी, मातृभाषेचं जतन असं एकामागून एक सांगत सुटले. वर्गात शेवटच्या बाकावरची पोरं जशी घड्याळाकडे बघतात तसे अध्यक्ष घड्याळाकडे बघायला लागले. माझं मलाच ऐकू येत होतं की हे सगळं खरं आहे आणि कोणालाही काही कळत नाहीये. मी शेवटी "इसलिए" म्हणून थांबले, आणि पुढे काहीच आठवेना.

"मैं बोलूँ क्या?" मागून आवाज आला. बाबा उभे होते.

बाबांची हिंदी म्हणजे अकोल्याच्या बाजारातली. तिच्यात मराठी मध्येच येते आणि मध्येच बसते. मी डोळ्यांनीच नको नको म्हणत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, सरळ अध्यक्षांना म्हणाले, "आपके कॉलनी में वो गार्डसाब हैं ना, रेल्वे के रिटायर. मेरा उनसे झगडा हुआ था."

अध्यक्षांनी मान वर केली. ते म्हणाले, "वो तो किसी से बोलते ही नहीं."

"मेरे से बोलते थे," बाबा म्हणाले. आणि त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. इकडे आल्यावर सुरुवातीला ते संध्याकाळी खालच्या बागेत जायचे आणि मग अचानक जायचे बंद झाले, पुढे परत जायला लागले, एवढंच मला माहीत होतं. विचारलं तर "थंडी हाये" म्हणायचे.

झालं होतं असं. त्या बागेतल्या बाकावर बाबा आणि ते गार्डसाहेब रोज बसायचे. दोघांच्याही बायका गेलेल्या, त्यामुळे विषय काढावा लागत नसे. उठायची वेळ झाली की बाबा म्हणायचे, "अच्छा, आता हूँ," आणि घरी यायचे. जेवायचे, झोपायचे. आणि तिकडे ते बिचारे गार्डसाहेब बाकावर थांबून. हा माणूस आता येतो म्हणालाय, काहीतरी आणायला गेला असेल, येईल. जयपूरची ती जानेवारीतली थंडी, आणि ते मफलर ओढून वाट बघतायत. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं विसरला असेल. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरी फोन करून चहा मागवला होता. बाबा उठले, म्हणाले "आता हूँ," गार्डसाहेब म्हणाले, "हाँ हाँ, आओ, चाय आ रही है." बाबांना वाटलं, किती प्रेमाने निरोप देतो हा माणूस. हात हलवून घरी आले. चहा दोन कपांत आला आणि दोन्ही कप गार झाले.

"चौथे दिन," बाबा म्हणाले, "उन्होंने मुँह फिरा लिया. बोले, रोज बोलते हो आता हूँ, आते तो हो नहीं. मेरे साथ मजाक करते हो? मैं बोला, अरे बाबा, मैं तो घर जा रहा था. वो बोले, तो जाता हूँ बोलो ना."

इथपर्यंत हॉलमध्ये थोडं हसू होतं. बाबा मात्र हसले नाहीत.

"अब मैं जाता हूँ कैसे बोलूँ? हमारे यहाँ जाता हूँ नहीं बोलते. जो वापस नहीं आएगा वो जाता है. घर से निकलना है तो येतो बोलना, माने आता हूँ. छोटे बच्चे को भी टोकते हैं, जातो नाही रे, येतो म्हण. सत्तर साल की जबान है साहब. और ये आदमी मेरे को झूठा बोल रहा है. मैंने बाग में जाना बंद कर दिया."

मग ते म्हणाले की हे सगळं त्यांनी मंडळात सांगितलं, पहिल्याच रविवारी, मी नव्हते तेव्हा, आणि माझ्या कानावर घालायचं नाही असं सगळ्यांना बजावून. तावातावाने, जयपूरचे लोक किती उद्धट म्हणून. तर ऐकणारे सगळे असे काही हसायला लागले की बाबा आणखीच चिडले. मग एकेकाने आपलं सांगितलं. आमच्यातल्या डॉक्टरबाईंनी नवीन नोकरीत ड्यूटी संपवून निघताना पेशंटच्या घरच्यांना "आती हूँ" म्हटलं होतं, आणि ती माणसं त्यांच्या खोलीबाहेर बसून राहिली होती. एका बाईंनी भाजीवाल्याला "आती हूँ भैया" म्हटलं तर त्याने त्यांची पिशवी बाजूला काढून ठेवली आणि गाडी हलवेना. दुर्गापुऱ्यात, जगतपुऱ्यात, कोण कोण कुठे कुठे आमची वाट बघत बसलं होतं काय माहीत. आमच्या चिटणिसांनीही हे केलं होतं, त्यांच्या साहेबांना. चिटणीस तिथेच पडद्याशेजारी उभे होते, त्यांनी मान डोलावली.

"तब मेरे को समझा," बाबा म्हणाले, "कि मैं झूठा नहीं हूँ. मराठी हूँ."

या वेळी लायब्ररीवालाही हसला. बाबा सांगत होते, दुसऱ्याच दिवशी ते बागेत गेले आणि गार्डसाहेबांना सगळा उलगडा केला. घरून चहा नेला होता, कप दोन. आता गार्डसाहेब स्वतःच उठताना "आता हूँ" म्हणतात आणि घरी जातात. शेवटी बाबा म्हणाले, "आपने पूछा ना, मंडल से क्या हुआ? ये हुआ. हफ्ते में एक दिन मैं ऐसी जगह जाता हूँ जहाँ येतो बोलूँ तो कोई राह नहीं देखता. बाकी छह दिन फिर मैं सबसे ठीक से बोल सकता हूँ." आणि ते बसले. मफलर नीट केला.

कान टोचावेत ते सोनारानेच. मी एवढं भाषण ठोकलं, चिटणिसांनी एवढे नारळ दाखवले, आणि बाबांनी दोन कप गार चहात सगळं आटपलं. मला अभिमान वाटला आणि रागही आला. आपल्या घरात राहणारा माणूस इतके दिवस हे पोटात घेऊन हिंडतो आणि आपल्याला म्हणतो थंडी आहे.

समितीचे लोक आत जाऊन बोलले. बाहेर आले तेव्हा अध्यक्षांनी फार न फुलवता सांगितलं, सोमवार ते शनिवार लायब्ररी, रविवार सकाळ मराठी मंडळ, योगवाल्यांना रविवार संध्याकाळ. चिटणिसांचा चेहरा उजळला. ते पिशवीत हात घालायला लागले. आत शाल असणार हे मी ओळखलं आणि त्यांच्याकडे असं बघितलं की हात बाहेर आला.

बाहेर चपला घालायच्या जागी गर्दी झाली होती. बाबा बाकड्यावर बसून बूट घालत होते, मी शेजारी उभी. तेवढ्यात अध्यक्ष आले. बाकीचे लोक जाईपर्यंत ते उगाच भिंतीवरची सूचना वाचत राहिले. मग बाबांच्या शेजारी बसले.

"बाऊजी," ते म्हणाले, "मेरी बेटी नासिक में ब्याही है. लड़का मराठी है. पहले घर से निकलती थी तो बोलती थी, चलूँ पापा. शादी के बाद बोलने लगी, आती हूँ पापा. और फिर साल-साल भर नहीं आती थी. पिछली बार स्टेशन पर मैंने डाँट दिया. बोला, झूठ मत बोला कर. आना-वाना कुछ है नहीं, सीधे बोल कि जाती हूँ."

"फिर?" बाबांनी विचारलं.

"फिर क्या. चुप हो गई. अब फोन भी उसकी माँ के पास ही आता है."

बाबांनी बूट तसाच अर्धवट ठेवला. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "ये मेरी बेटी है. कितने साल अकोला स्टेशन पर येते बाबा, येते बाबा बोल के गाडी में बैठती थी. मैं भी घर जा के सोचता था, कब की आती है ये. दो दिन के लिए आना वो कोई आना नहीं होता साहब. फिर इसकी माँ गई. तब ये आयी. मेरे को लेने आयी." त्यांनी अध्यक्षांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लडकी झूठ नहीं बोली. आज ही फोन करो."

अध्यक्ष मान हलवून उठले आणि फाटकाकडे चालत गेले. खिशातून मोबाइल काढताना मी त्यांना पाहिलं. पण माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. मी ते "येते बाबा" किती वेळा म्हटलं असेल, एका हातात बॅग, दुसऱ्या हाताने डब्याची दांडी धरून, घाईत, सवयीने. ते घरी जाऊन त्या शब्दाची वाट बघत बसायचे हे मला कधी सुचलंही नव्हतं. आणि मी आले होते, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. इतके दिवस मला वाटत होतं की मी त्यांना ओढून आणलं म्हणून ते रुसलेत.

"बाबा," मी म्हटलं, "मग ते अकोल्याला जायचं काय?"

"कोन जाते?" बाबा बुटाची नाडी बांधत म्हणाले. "तू मले न्याले आली होती ना?"